वकिलातीचा हात कोठवर पोचतो?



परमुलखात दंगाधोपा माजला म्हणजे तिकडे गेलेल्यांच्या घरी एकच प्रश्न निघतो: आपली वकिलात काय करीत आहे? तिला काय करता येते, हा विचार मात्र क्वचितच होतो. तो आज मी तीर्थपुरीपासून करणार आहे.

जालना जिल्ह्यातील हे गाव १९४८ साली निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारान्वये भारत सरकारचे एजंट-जनरल म्हणून कन्हैयालाल मुनशी हे जानेवारीत हैदराबादेस गेले. रझाकारांचा जाच वाढत होता. परंतु तीर्थपुरीचा शेतकरी कायद्याने निजामाचा प्रजाजन, आणि या करारामुळे भारताकडे अधिसत्तेचे अधिकार येत नाहीत, असे कलमच त्यात होते. मुनशींनी फार तर दिल्लीस कळवावे. माणूस आपला, भाषा आपली, परंतु कागद दुसऱ्याचा! मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे मुंबई इलाख्यात आणि वऱ्हाडात गेली, ती स्वतःच्या पायांनी. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने हार मानली, तेव्हा कोठे हा पेच सुटला.

युक्रेनमध्ये २०२२ साली स्थिती नेमकी उलट होती. तेथे वैद्यक शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही होती. त्यांच्यापाशी भारताचे पारपत्र होते, आणि परदेशी वकिलातीने आपल्या नागरिकांस साह्य करावे, हा अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना कराराने मान्य केलेला आहे. जानेवारीच्या अखेरीस कीव्हच्या वकिलातीने नावे नोंदविण्यास सांगितले. १५ फेब्रुवारीस, ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी तूर्त देश सोडण्याचा विचार करावा, असे कळविले. ‘विचार करावा’ ही भाषा मला फार सौम्य वाटते. ज्या विद्यार्थ्यापुढे परीक्षा आहे, ज्याने फी भरली आहे, तो विचारच करीत बसणार! २४ तारखेस युद्ध पेटले व आकाशमार्ग बंद झाला. २ मार्चला तर खारकीव्हमधील आपल्या लोकांस, वाहन न मिळाल्यास पायी निघा आणि सायंकाळी सहाच्या आत पेसोचिन वगैरे ठिकाणी पोचा, असा निरोप द्यावा लागला.

त्या निरोपावरून वकिलातीस दोष देणे मला पटत नाही. परक्या देशातील रस्त्यावर आपल्या वकिलाची सत्ता चालत नाही. तो उभयपक्षांस विनंती करू शकतो, सीमेपलीकडे वाहने व विमाने उभी करू शकतो. पोलंड, रुमानिया, हंगेरी व स्लोव्हाकिया येथून ती तशी उभी राहिली, आणि सुमारे २२,५०० माणसे परतली. १३ मार्चला वकिलातीलाच काही काळ वॉर्सा येथे हलावे लागले.

परंतु जिचे नाव व ठिकाण ठाऊक नाही, अशी व्यक्ती शोधणे कोणत्याही वकिलातीस कठीण. मुलगा परदेशी निघाला म्हणजे लोणच्याची बरणी आपण आठवणीने बांधून देतो. वकिलातीत नाव नोंदविलेस का, हे विचारीत नाही. या नोंदणीत पारपत्राचा क्रमांक, तेथील पत्ता आणि घरचा दूरध्वनी द्यावा. खोली बदलली की नवा पत्ताही लगेच कळवावा.