मोटारीचें मूळपण

ज्याच्या घरीं एखादी जुनी, देखणी आणि वेगवान मोटार वारशानें आली आहे, त्याच्यापुढें आज ना उद्यां एक प्रश्न उभा राहतो. कारखान्यांतून ती ज्या रूपांत बाहेर पडली त्याच रूपांत ती जपावी, कीं नवे ब्रेक, नवें इंजिन आणि नवीं आसनें देऊन तिला आजच्या रस्त्यांस योग्य करावी? प्रश्न हौशी श्रीमंतांचा वाटतो खरा. पण साताऱ्यांत ज्याच्या पडवींत वडिलांची ‘प्रिया’ स्कूटर ताडपत्रीखालीं उभी आहे, त्यालाहि तो तितकाच लागू आहे. शिवाय गेल्या कांहीं वर्षांतील सरकारी नियमांनीं त्याला असें वळण दिलें आहे कीं, उत्तर चुकल्यास गाडीची नोंदणीच अडचणींत यावी.

मूळ गाडीला हात लावणें म्हणजे भ्रष्टाचार, असें मानणारा एक पंथ आहे. त्या पंथाच्या लोकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी, ती ही कीं, शर्यतीच्या मोटारी मुळांत फेरफारांतूनच जन्मल्या. १९६२ सालीं कॅरोल शेल्बी या अमेरिकन गृहस्थानें ‘ए. सी. एस’ या लहानशा इंग्रजी गाडींत फोर्डचें आठ सिलिंडरांचें दांडगें इंजिन बसविलें. आज त्या ‘कोब्रा’ गाडीचें नांव जगभर घेतलें जातें आणि बिचारी मूळ ‘एस’ जाणकारांपुरतीच उरली आहे. मद्रासजवळच्या शोलावरम् येथील जुन्या विमानतळावर शर्यती भरत, तेव्हां तेथें धांवणाऱ्या फियाट आणि हेरल्ड या घरगुती गाड्याच असत. कोणी त्यांचें डोकें घासून दाब वाढविलेला असे, कोणी मागचीं आसनें काढून वजन उतरविलेलें असे. आज तसली एखादी गाडी कोणास सांपडली, तर तिचें मूळपण कोणतें म्हणावें? कारखान्यानें दिलेलें, कीं शर्यतीसाठीं मिस्त्रीनें दिलेलें? दुसऱ्याचा मान अधिक आहे, असेंच म्हणावें लागेल. कारण त्या गाडीच्या आयुष्यांत जें सांगण्यासारखें घडलें, तें त्या फेरफारानंतर घडलें.

या वादाचा निवाडा एकदां प्रत्यक्ष न्यायासनापुढें झाला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नांवाची एक बेंटले मोटार १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढें तिच्यांत मोठें इंजिन घातलें गेलें, आणि १९३२ सालीं ब्रुकलंड्सच्या शर्यतींत तिला भयंकर अपघात होऊन तिचा चालक क्लाइव्ह डन्फी प्राणास मुकला. मोडलेल्या गाडीची पुन्हां उभारणी झाली. अंगावरील सांगाडाहि बदलला. अनेक वर्षांनीं ती एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला, आणि मग खरेदीदार म्हणूं लागला कीं, ही ती गाडीच नव्हे. तिच्यांत जुनें असें राहिलेंच कितीसें? १९९० सालीं इंग्लंडच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ऑटन यांनीं निकाल दिला तो विक्रेत्याच्या बाजूनें. त्याचा मथितार्थ असा कीं, पहिल्या दिवशीं होती तशी ही गाडी नाहीं हें खरें. तथापि तिचें आयुष्य मध्यें कोठेंहि तुटलेलें नाहीं, आणि या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं. सबब ती खरीच आहे.

मूळ आणि खरें या दोन शब्दांतील हा भेद आपल्याकडे कोणी न्यायालयांतून शिकविण्याची गरज नाहीं. मिरजेच्या सतारमेकर मंडळींच्या दुकानांत तो रोज दिसतो. शिकलगारांच्या ज्या घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत हत्यारें सोडून तंतुवाद्यें हातीं घेतलीं, त्यांच्या वंशजांकडे आजहि जुने तंबोरे दुरुस्तीस येतात. (मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें.) तारा बदलतात, खुंट्या बदलतात, घोडीवर तारेनें घर केलें कीं ती घासून जवारी पुन्हां लावतात. यांत वाद्य भ्रष्ट झालें असें कोणी गवई म्हणत नाहीं. न लावलेल्या जवारीचा तंबोरा मुकाच. परंतु भोपळा फुटला तर मात्र दुकानांत क्षणभर शांतता पसरते. भोपळा बदलल्यावर तोच स्वर येईल, अशी हमी कुशल कारागीरहि सहसा देत नाहीं. मोटारींतहि तारा कोणत्या आणि भोपळा कोणता, हें आधीं ओळखलें पाहिजे. टायर, पट्टे, रबरी नळ्या, ब्रेकचे गुटके, ठिणगीचे प्लग या तारा होत. चेसिस, तिच्यावर ठोकलेला क्रमांक, त्याच क्रमांकाशीं जुळणारें इंजिन, पत्र्याचा सांगाडा आणि जर टिकला असेल तर पहिला रंग, हा भोपळा. रंगाविषयीं विशेष सांगावयाचें तें इतकेंच कीं, नवा रंग हवा तितके वेळां देतां येतो. पहिला रंग एकदांच असतो. सुरकुतलेला असला, फिकटला असला, तरी तो खरवडण्यापूर्वीं मालकानें चार दिवस थांबावें.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांत ‘एम. जी. टी. सी.’ या दोन आसनांच्या उघड्या गाड्या सुमारें १०,००० तयार झाल्या. थंड हवेच्या देशांत जन्मलेली अशी गाडी वैशाखांत खंबाटकीच्या घाटांत मालट्रकांच्या मागें पहिल्या गिअरमध्यें रांगूं लागली, कीं तिच्या रेडिएटरमधील पाणी उकळावयास किती वेळ लागणार? पसरणीच्या घाटांतून पांचगणीस चढतांना हीच गत. येथें जो गृहस्थ मूळपणाच्या अभिमानानें रेडिएटरसमोर विजेचा लहान पंखा बसविण्यासहि नकार देतो, तो बहुधा गाडी घाटांत नेतच नाहीं, ट्रकवर चढवून प्रदर्शनास नेतो. तसा पंखा दोन पट्ट्यांनीं बसतो, एक भोंक न पाडतां निघतो. असल्या बदलास हरकत घेणें हा निव्वळ सोंवळेपणा आहे.

ब्रेकची गोष्ट अधिक गंभीर. डिस्क ब्रेकांच्या जोरावर जॅग्वारनें १९५३ सालीं ल मान्स जिंकली, त्यापूर्वींच्या वेगवान गाड्यांना ड्रम ब्रेकच असत. घाट उतरतांना ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. पुणें-बेंगळूर महामार्गावर आज ज्या वेगानें वाहनें धांवतात, त्या वेगाची कल्पनाहि त्या ब्रेकांच्या रचनाकारांनीं केली नव्हती. समोरची नवी मोटार जितक्या अंतरांत थांबते, तितक्यांत मागची जुनी थांबणार नाहीं, हें गणित आहे. त्याला अभिमानाचा इलाज नाहीं. रोज गाडी चालवावयाची असेल, तर ब्रेक सुधारावे, मात्र परिवहन कार्यालयास आधीं विचारून. जुना संच पुसून, तेल लावून पेटींत ठेवावा. सुधारावयाचे नसतील तर रविवारीं पहाटे, गर्दी होण्यापूर्वीं, सपाटीवर फिरून यावें. तिसरा मार्ग नाहीं.

याहून मौजेची, आणि थोडी विषादाचीहि, गोष्ट पेट्रोलची आहे. सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांशेजारच्या आसवन्यांत मळीपासून आणि उसाच्या रसापासून जें इथेनॉल तयार होतें, तें पेट्रोलांत मिसळलें जातें. वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊं लागलें आणि २०२५ पर्यंत तें देशभर पोंचलें. उसाच्या शेतकऱ्याला त्यानें चार पैसे मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण जुन्या मोटारीच्या पोटाला तें मानवत नाहीं. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें; त्यानें लोखंडी टाकी आंतून गंजते. जुन्या धाटणीच्या रबराच्या नळ्या आणि कार्बुरेटरमधील बुचें त्यानें फुगतात, मऊ होतात, मग चिरतात. चिरलेल्या नळींतून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकलें, म्हणजे मूळ नळी जपल्याचें समाधान मिळण्यापूर्वींच गाडी पेटते. तेव्हां इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसविणें आणि कार्बुरेटरचें जेट किंचित् मोठें करणें भागच आहे. म्हणजे ‘मी कांहींच बदलणार नाहीं’ ही प्रतिज्ञा इंधनानेंच मोडून टाकली आहे. प्रश्न उरतो तो कोठें थांबावें एवढाच.

‘प्रिया’ स्कूटरचा उल्लेख आरंभीं आला. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनीं मिळून १९७५ सालीं काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या सातारच्या कारखान्यांत ती बनत असे. दीडशे घनसेंटीमीटरचें इंजिन, डाव्या मुठींतले गिअर, पेट्रोलमध्येंच ओतावयाचें तेल. शर्यतीशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. परंतु त्या काळीं स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, म्हणून घरांत ती आली तो दिवस सणाचा होई. आज नातू तिला जाड टायर, चकचकीत रंग आणि मोटारसायकलचा दिवा लावूं पाहतो, आणि आजोबा पडवींत गप्प बसतात. नातवाचा दोष नाहीं. त्याला ती चालवावयाची आहे, आणि न चालविलेली स्कूटर गंजून भंगारांत जाते. तरीहि येथें आजोबांच्या बाजूचें मत द्यावेंसें वाटतें. त्या स्कूटरी हजारोंनीं होत्या, म्हणूनच कोणी त्या जपल्या नाहींत. ‘सॅन स्टॉर्म’ ही रेनॉच्या इंजिनाची, फायबरच्या अंगाची दोन आसनी भारतीय गाडी आज पाहावयास मिळणें कठीण झालें आहे. सामान्य वस्तूंची गत त्याहून वेगळी होत नाहीं.

कायद्याचें म्हणणें मात्र स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळा ठरेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि, वाहनाच्या मूळ रचनेंत निर्मात्याच्या नमुन्याविरुद्ध बदल करतां येणार नाहीं, असें सांगितलें. इंजिन बदलण्यास परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. विजेवर चालविण्याचा संच बसवावयाचा, तर तोहि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनें तपासलेला असावा लागतो. न कळवितां केलेला फेरफार अपघातानंतर विमा कंपनी प्रथम पाहते. दुसऱ्या बाजूनें, जुलै २०२१ च्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना आणि दुचाक्यांना ‘व्ही. ए.’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी देऊं केली: नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,०००, मुदत दहा वर्षें. अट ही कीं, चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा; आणि मिळाल्यावर ती गाडी रोजच्या वापरास काढूं नये, प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कामांपुरतीच काढावी. अर्थात् १९६८ ची मोटार घेऊन जो आज इंजिन बदलूं इच्छितो, तो हा दरवाजा आपल्या हातानें लावून घेतो. दहा वर्षांनीं त्याच्या मुलाला तो उघडावासा वाटला, तर किल्ली नसेल.

कायद्याच्या चौकटींत न बसणाऱ्या कर्तबगारीचें काय करावें, याचें एक उदाहरण सांगली जिल्ह्यांतच घडलें. यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव देवराष्ट्रे हें त्यांच्या जन्मकाळीं सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें. या गांवच्या एका कारागिरानें भंगारांतले भाग जुळवून, दुचाकीसारखी पायानें किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी मुलाच्या हौसेखातर तयार केली. खर्च साठ हजारांच्या आसपास आला, असें वृत्तपत्रांत आलें होतें. डिसेंबर २०२१ मध्यें आनंद महिंद्र यांनीं तिचें कौतुक केलें. नियमांत बसत नाहीं म्हणून अधिकारी आज ना उद्यां ती थांबवितीलच, हेंहि त्यांनीं सांगितलें, आणि तिच्या बदल्यांत बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती अदलाबदल झाली. त्या गाडीला मूळ रूप असें कांहीं नव्हतेंच. आतां मात्र तिच्यांत एक स्क्रूहि कोणी बदलूं नये.

सांगलीकरांना याच प्रश्नाचा निराळा अनुभव ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आला. कृष्णेचें पाणी घरांत शिरलें तशा दारांतल्या गाड्याहि बुडाल्या. गाळ भरलेल्या गाडींत मूळ तारांचें जाळें जपण्याचा हट्ट धरतां येत नाहीं. आंतून गंजलेली तार केव्हां पेट घेईल, याचा नेम नसतो. तेथें सगळें वायरिंग नवें घालणें हेंच शहाणपण. मात्र काढलेलें जाळें फेंकण्यापूर्वीं त्याच्या प्रत्येक टोंकास चिठ्ठी बांधून छायाचित्र घ्यावें. पुढच्या मिस्त्रीला कोणती तार कोठें जाते, हें त्यावरूनच कळेल. गाडीबरोबर एक वही असावी. काय काढलें, कोणत्या तारखेस काढलें, त्याजागीं काय बसविलें आणि काढलेला भाग कोणत्या पेटींत आहे, एवढें तींत लिहावें. वही गाडींत ठेवूं नये, घरांत वरच्या फळीवर ठेवावी; कृष्णा पुन्हां कधीं येईल हें सांगतां येत नाहीं.