शाळेचा कारभार, पालकांच्या हाती

जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर गळते, पोषण आहाराच्या तांदळात खडे निघतात, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसते. हे सांगायचे कुणाला? बरेच पालक थेट तालुक्याला जायला निघतात. पहिला दरवाजा मात्र गावातच आहे, तो म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा मिळते. महाराष्ट्रात अध्यक्षपद पालकाकडे असते, मुख्याध्यापक सचिव असतात. बैठक महिन्यातून एकदा तरी व्हावी, असे नियम सांगतो. कागदावर ती होतेही. इतिवृत्त घरोघर फिरवून सह्या गोळा करण्याची कला काही गावांत चांगलीच मुरली आहे!

प्रत्यक्षात काम भरपूर आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करायचा, आलेले अनुदान कुठे खर्च झाले ते तपासायचे, शाळा सोडलेल्या मुलाच्या घरी जायचे. अनुदानित खासगी शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते, विनाअनुदानित शाळांना ती बंधनकारकच नाही. सरकारी शाळेत मात्र खर्चाचा हिशेब मागणे हे समितीचे कामच आहे. पुढच्या बैठकीची तारीख मुख्याध्यापकांना विचारा आणि जाताना शेजारणीलाही बरोबर घ्या.