पुस्तक आणि रॅकेट



हीरकमहोत्सवाच्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेल्या पिढ्यांचे स्मरण होते, तसाच आज वर्गात बसणाऱ्या मुलींच्या उद्याचा विचारही मनात येतो. दहावीचे वर्ष उजाडले, की अनेक घरांत पहिला निर्णय ठरलेला असतो : मुलीचे खेळणे बंद. त्या घरांसाठी एका मायलेकींची ही हकिकत.

वेदवाङ्मयाचे व्यासंगी संपादक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या क्षमा यांचा जन्म १८९० साली पुण्यात झाला. १८९४ मध्ये, अजाण वयातच, त्यांचे पितृछत्र हरपले. तरीही विद्येचा वारसा खंडित झाला नाही. पंडिता क्षमा राव या नावाने त्यांनी संस्कृतात विपुल लेखन केले. गांधीजींच्या लढ्यावरील त्यांचे ‘सत्याग्रहगीता’ हे काव्य १९३२ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाले. याच विदुषी टेनिसपटू म्हणूनही नावाजलेल्या होत्या.

त्यांची कन्या लीला १९११ साली मुंबईत जन्मली आणि तिने दोन्ही वारसे जोपासले. १९३४ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांना हरवून तेथे एकेरीचा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अॅडमॉफ यांच्याकडून ती पराभूत झाली. एक विजय आणि एक पराभव, एवढाच त्या वर्षीचा हिशेब. परंतु वाट खुली झाली. त्याच विम्बल्डनवर २०१५ मध्ये सानिया मिर्झा हिने मार्टिना हिंगिस हिच्या साथीने महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवले.

लीला राव यांची ओळख मात्र मैदानापुरती राहिली नाही. आईच्या कथांवर त्यांनी संस्कृत नाटके रचली आणि भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले. खेळामुळे विद्या मागे पडली नाही, विद्येमुळे खेळही थांबला नाही.

दुहेरीच्या सामन्यात एक खेळाडू नेटजवळ उभा राहतो, दुसरा मागची बाजू सांभाळतो. एकाला बाहेर बसवून सामना जिंकता येत नाही. अभ्यास आणि खेळ यांचेही तसेच आहे. जे. पी. नगरातील प्रत्येक मराठी घराने दप्तराशेजारी रॅकेटलाही जागा द्यावी, एवढीच या शुभप्रसंगी विनंती.