कानात ठणका, आजार जिभेत

(मदतनीस मंडळींच्या मेळाव्यात आमच्या परिचारिकेने केलेले भाषण)



पाड्यावरच्या एका आजीपासून सुरुवात करते. आजीची तक्रार उजव्या कानाची. रात्रभर ठणका. कानात बघितलं तर कान स्वच्छ. मी थेंब दिले आणि घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी नातू तिला पुन्हा घेऊन आला, तेव्हा कुठे मला तोंड उघडायला सांगायचं सुचलं. जिभेच्या उजव्या कडेला कडक, खडबडीत जखम! "ही कधीपासून, आजी?" "ती होय? ती दुखत नाही गं." वर्षानुवर्षं मिश्री लावलेलं तोंड ते. ते तीन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत.

जिभेतून आणि कानाजवळून मेंदूकडे जाणारे तंतू एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्या आहेत. (मज्जातंतू म्हणजे आपण जिला नस म्हणतो ती. रक्ताची शीर वेगळी.) वाट एकच, म्हणून जिभेतली हाक मेंदूला कानातून आल्यासारखी वाटते. कान दुखतोय, कानात काही नाही, आणि माणूस तंबाखूचा, तर जीभ आणि घसा बघायलाच हवा.

आता पुष्कळजण विचारतात, जखम दुखत नव्हती, तर मग एवढा मोठा आजार कसा? कर्करोगाची गाठ लहान असते तेव्हा बहुधा दुखत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. वाढली की ती मज्जातंतूवर दाबते. शिवाय तिच्यातून आम्ल आणि इतर रसायनं झिरपतात, त्यांनी तंतूंची टोकं हुळहुळी होतात. मग कोमट चहाचा घोटसुद्धा निखाऱ्यासारखा लागतो.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. 1950च्या सुमारास रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ही इटालियन शास्त्रज्ञ अमेरिकेत काम करत होती. उंदराच्या गाठीचा तुकडा अंड्यातल्या कोंबडीच्या पिलात बसवला, तर पिलाचे मज्जातंतू भराभर वाढून त्या गाठीत शिरत होते. गाठीतून काहीतरी पाझरतंय आणि ते तंतूंना बोलावतंय, हे तिने ओळखलं. ते एक प्रथिन निघालं. त्या शोधाबद्दल तिला आणि स्टॅनले कोहेन यांना 1986 साली नोबेल मिळालं. माणसाच्या कितीतरी गाठी हेच प्रथिन तयार करतात. आणि हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो: तंतूंतून सुटणारे काही पदार्थ उलट गाठीला पोसतात. मांडवाच्या तारेवर वेल चढावी तशा कर्करोगाच्या पेशी मज्जातंतूला धरून पुढे सरकतात. तोंडाच्या कर्करोगात हे पुष्कळदा दिसतं.

असा तंतू जखमी झाला की वेदनेची जातच बदलते. जळजळ, विजेचा झटका, मुंग्या, मध्येच बधिरपणा. साध्या वेदनाशामक गोळीने ती भागत नाही. घरच्यांना वाटतं म्हातारी उगाच कण्हते. आपल्या मंडळीतलेही कुणी सांगून जातात, "सोसा, देव बघतोय." देव बघतोच. म्हणून औषध द्यायचं नाही की काय?

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्येच सांगून ठेवलंय: औषध शक्यतो तोंडाने द्या, आणि वेदना उसळायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्या. तीव्र वेदनेला मॉर्फिन. नसेच्या वेदनेला जोडीने फिट्सवरचं किंवा नैराश्यावरचं एखादं औषध. "आमची आजी वेडी नाही," असं नातू रागाने म्हणाला होता! ते औषध तंतूंची चुकीची ओरड कमी करतं, हे समजावायला अर्धा तास गेला. मॉर्फिनचं व्यसन लागेल ही भीती तर सगळीकडेच. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला ते क्वचितच लागतं. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून. आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती होते, आणि तरी मॉर्फिन खेड्यातल्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही. 1985च्या कायद्याच्या परवान्यांच्या जाचाने दवाखाने ते ठेवेनासे झाले होते. 2014 मध्ये कायदा सुधारला, पण आजही ते जवळच्या दवाखान्यात मिळेलच असं नाही. आजीसाठी शहरात जावं लागलं. तुमच्या देणगीतून झालेला प्रवासखर्च तो हाच.

शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. दर चार तासांनी डोस, आणि घरात घड्याळ नाही. मग नातवाने आणि मी मिळून वेळा बसवल्या. पहिला कोंबडा आरवल्यावर. दुसरा शाळेची घंटा झाली की. तिसरा दुपारची एसटी फाट्यावर आली की. चौथा दिवेलागणीला. आणि झोपताना डॉक्टरांनी सांगितलेला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. चौथ्या दिवशी गेले तर आजी ओट्यावर बसून नातवाला रागावत होती, एसटी येऊन गेली तरी औषध आणलं नाही म्हणून.