बारा मार्चची आठवण

मोठ्या दुर्घटनेची नोंद दोन ठिकाणीं होते : एक सरकारी दप्तरांत आणि दुसरी माणसांच्या मनांत. दप्तरांतील नोंद आंकड्यांची असते व ती सहसा हालत नाहीं. मनांतील नोंद मात्र दर वर्षीं थोडी झिजते, थोडी वाढते. आणि तीस वर्षें लोटल्यावर तिच्या धन्यालाही शपथेवर सांगतां येत नाहीं कीं, तींत स्वतः पाहिलेलें किती आणि ऐकलेलें किती. दिनांक १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत जें घडलें, त्याच्या आठवणी रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक घरांत अजून निघतात. त्या कशा जपाव्या, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम दप्तर काय सांगतें तें पाहणें बरें. त्या शुक्रवारीं दुपारीं सुमारें दीड वाजतां शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरांत पहिला स्फोट झाला. पुढील दोन तासांत नरसी नाथा स्ट्रीट, एअर इंडियाची इमारत, वरळीचा सेंच्युरी बाजार, दादरचें प्लाझा चित्रपटगृह, झवेरी बाजार, वांद्रें व जुहू येथील हॉटेलें अशा ठिकाणीं स्फोटांमागून स्फोट होत गेले. माहीमच्या मच्छीमार वस्तीवर आणि सहार विमानतळावर हातगोळे फेकण्यांत आले. २५७ माणसें प्राणांस मुकलीं आणि सातशेंहून अधिक जखमी झालीं.

मुंबईवरील आघात कोंकणाला निराळ्या रीतीनें लागतो. येथील घर आणि तेथील खोली हीं एकाच संसाराचीं दोन दालनें होत. शेत, आई आणि मुलें इकडे. नोकरी व मनिऑर्डर तिकडे. त्या वर्षीं होळी चारपांच दिवसांपूर्वींच झाली होती. कांहीं चाकरमानी पालखीसाठीं गांवीं राहिले होते, तर कांहीं रजा संपवून नुकतेच परतले होते. रमजानचा महिनाही चालूच होता. कोंकण रेल्वे रत्नागिरीस पोंचावयास अजून अवकाश होता, आणि टेलिफोन दहा घरांत मिळून एखादा असे.

रत्नागिरींतील एका निवृत्त बँक-कारकुनाची आठवण या दृष्टीनें ऐकण्याजोगी आहे. त्यांची कचेरी शेअर बाजारापासून दोन गल्ल्या दूर होती. स्फोटाचा आवाज त्यांना मुळींच आठवत नाहीं. आठवते ती कांच. मधल्या सुटींत डबा उघडून ते बसले होते, तों खिडकीची सारी तावदानें आंत आलीं आणि भाजीवर कांचेचा चुरा पडला. त्यांनीं शांतपणें डब्याला झांकण लावलें आणि तो हातांत घेऊन, माणसांच्या लोंढ्याबरोबर ते बोरीबंदरापर्यंत चालत गेले. वाटेंत रक्तानें माखलेला एक मनुष्य फूटपाथवर बसला होता व कोणी अनोळखी माणूस आपल्या सदऱ्याची बाही फाडून त्याला बांधीत होता. आपण थांबलों कां नाहीं आणि तो डबा बरोबर कशासाठीं घेतला, हे दोन प्रश्न त्यांना अजून सुटलेले नाहींत. आजही लग्नघरांत कोणाच्या हातून कांचेचा पेला फुटला कीं, ते पंगतींतून उठून दाराशीं जाऊन उभे राहतात.

त्यांच्या पत्नीची आठवण अगदीं वेगळी आहे. तिनें बातमी सायंकाळीं आकाशवाणीवर ऐकली. वाण्याच्या दुकानांतील टेलिफोन लागेना. रात्रीं पालखी दारांत आली, तेव्हां तिनें देवीची ओटी भरली. परंतु गाऱ्हाणें घालतांना तिच्या तोंडून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुंबईहून आलेल्या एस. टी.च्या गाडींतून उतरलेल्या शेजाऱ्यानें 'खुशाल आहेत' असा निरोप दिला, तेव्हां ती प्रथम रडली. त्याच रात्रीं राजिवड्याच्या मोहल्ल्यांत एका वृद्ध मातेनें केवळ पाण्यावर रोजा सोडला होता. तिचा मुलगा मुंबईच्या गोदींत कामास होता. तोही सुखरूप असल्याचें तिला दुसऱ्या दिवशीं कळलें. दोन्ही घरांतली ती रात्र एकच होती. परंतु हें त्या घरांना पुष्कळ वर्षें ठाऊक नव्हतें.

आतां आठवणींतील भेसळीविषयीं. वर सांगितलेले कारकून स्फोटांची ठिकाणें मोजतांना मस्जिद बंदराचें नांव हटकून घेतात. तेथला आवाज आपण ऐकला, असेंही ते सांगतात. वास्तविक त्या बाजूस नरसी नाथा स्ट्रीटवर स्फोट झालाच होता. पण मुसलमान वस्तींतील म्हणून जो आणखी एक स्फोट लोकांच्या कानांवर घालण्यांत आला, तो कधींच झाला नव्हता. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनीं तें नांव त्या दिवशीं बुद्ध्याच सांगितलें होतें. एकाच समाजाच्या वस्त्या लक्ष्य झाल्या असें लोकांना वाटलें, तर शहर पुन्हां पेटेल, ही त्यांची भीति होती. पुढें त्यांनीं स्वतःच ही गोष्ट उघडपणें सांगितली. तें असत्य योग्य कीं अयोग्य, यावर वाद होऊं शकेल. लक्षांत घेण्याजोगें एवढेंच कीं, न झालेल्या स्फोटाचा आवाजसुद्धां प्रामाणिक मनुष्याच्या कानांत तीस वर्षें राहूं शकतो. मग ऐकीव द्वेष किती वर्षें राहील, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

ती भीति निराधार नव्हती. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत मुंबईंत ९०० माणसें मेलीं होतीं, असें श्रीकृष्ण आयोगानें नमूद केलें आहे. मृतांत दोन्ही समाजांचे लोक होते, मुसलमान अधिक. त्या दंगली आणि हे स्फोट यांमधील कार्यकारणसंबंधही आयोगानें दाखविला आहे. परंतु कारण सांगणें म्हणजे क्षमा करणें नव्हे. दलाल स्ट्रीटवर किंवा वरळीस जीं माणसें मेलीं, त्यांनीं कोणाचेंही घर जाळलें नव्हतें.

कोंकणी माणसाच्या आठवणींतून एक गोष्ट बहुधा गळते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर बाणकोटची खाडी आहे. तिच्या पलीकडे रायगड जिल्ह्याचा श्रीवर्धन तालुका लागतो. याच तालुक्यांतील दिघी व शेखाडी येथें स्फोटांपूर्वीं शस्त्रें आणि स्फोटकें समुद्रमार्गें उतरविण्यांत आलीं. कट रचणारे दूर होते. परंतु माल उतरला तो आपल्याच किनाऱ्यावर. तो पुढें मुंबईस गेला, कारण ज्यांनीं अडवावयाचा त्यांपैकीं कांहींनीं डोळे मिटले. जकात व पोलिस खात्यांतील अशा नोकरांना पुढें न्यायालयानें दोषी ठरविलें, आणि त्यांतही दोन्ही धर्मांचे लोक होते. नेहमींच्या चोरट्या मालासाठीं घेतलेली लांच एके दिवशीं केवढ्याला पडते, याचें याहून कठोर उदाहरण मिळणें अवघड आहे.

खटला दीर्घकाळ चालला. टाडा कायद्याखालील विशेष न्यायालयानें २००६ पासून निकाल देण्यास आरंभ केला आणि शंभर आरोपींना दोषी ठरविलें. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २१ मार्च २०१३ रोजीं लागला. ३० जुलै २०१५ रोजीं याकूब मेमन यास नागपूर येथें फांशी देण्यांत आली. टायगर मेमन आणि दाऊद इब्राहिम हे मात्र अद्याप हातीं लागलेले नाहींत. अपराधी ठरले ते नांवानिशीं ठरले, ही या साऱ्या कामाची मोठी शिकवण आहे. न्यायालय समाजाला शिक्षा देत नाहीं, व्यक्तीला देतें. घरांतील गप्पांनींही तीच शिस्त पाळावयास हवी.

ज्यांनीं तो दिवस पाहिला ते आतां वृद्ध होत चालले आहेत, आणि नातवंडें 'तेव्हां काय झालें होतें?' म्हणून विचारतात. त्यांना उत्तर देतांना पाहिलेलें आणि ऐकलेलें यांची गल्लत होऊं देऊं नये. जें पाहिलें असेल तें तारखेसह वहींत लिहून ठेवावें. हात फाटलेल्या सदऱ्याचा होता कीं रक्तानें माखलेल्या माणसाचा, त्याची जात कोणती होती, हें त्या फूटपाथवर कोणीच विचारलें नव्हतें. तेंही त्या वहींत अवश्य लिहावें. कारण द्वेषाची गोष्ट सांगणारे पुष्कळ मिळतात, ही गोष्ट सांगावयाला मात्र पाहणाराच लागतो.