सृष्टीच्या वहीतील तूट



ट्रस्टचा पैसा ही अमानत. वहीत चार रुपये कमी पडले तरी आपले खजिनदार रात्र जागवितात, हे कंग्राळीकरांस सांगावयास नको. आज आम्ही सृष्टीच्या वहीतील अशाच एका तुटीविषयी बोलणार आहोत.

काही अणुगर्भांतून आपोआप इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. यास बीटा-ऱ्हास म्हणतात. दर वेळी सुटणारी ऊर्जा ठरलेली. पण इलेक्ट्रॉनच्या पदरी कधी पुष्कळ येई, कधी थोडी. बाकीची जाई कोठे? नील्स बोर यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सोडावयास तयार झाले. परंतु १९३० साली पाउली म्हणाले, नियम खरा आहे. एखादा न दिसणारा कण ती ऊर्जा नेत असावा. तोच न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष सापडावयास १९५६ साल उजाडले.

आपल्याच कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २३०० मीटर खोलीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व इंग्रज शास्त्रज्ञांसह १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक. खाण २००१ साली बंद पडली, नोंद राहिली.

न्यूट्रिनोचे तीन प्रकार ठाऊक आहेत. चौथा, 'निष्क्रिय' प्रकार असेल, तर तो यंत्राला थेट दादच देणार नाही. म्हणून पुन्हा हिशेबच तपासावयाचा. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे 'कॅट्रिन' हे ७० मीटर लांबीचे यंत्र ट्रिटियमच्या बीटा-ऱ्हासातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजते. चौथा कण ऊर्जेचा वाटा नेत असेल, तर त्या मोजणीच्या आलेखात बारीकसा बाक दिसावा. सुमारे ३ कोटी ६० लाख इलेक्ट्रॉन तपासूनही तो दिसला नाही, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. याहून जड निष्क्रिय न्यूट्रिनोसाठी हजाराहून अधिक सिलिकॉनच्या घरांचा 'ट्रिस्टन' शोधक योजिला आहे. कारण तेथे इलेक्ट्रॉनांची गर्दी फार, आणि प्रत्येकाची ऊर्जा अचूक टिपावयाची.

"सापडले नाही, मग खर्च कशाला?" असे कोणी विचारील. कसून तपासलेली रिकामी जागाही वहीत लिहावी लागते. पुढच्याचे श्रम तेवढे वाचतात. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र प्रयोग फळ्यावरच पाहावे लागतात. या महोत्सवाच्या निधीतून शाळेला एक तराजू, एक तापमापक आणि प्रयोगाची एक खोली मिळावी. मुलामुलींनी स्वतः मोजावे, आणि आलेले उत्तर, मनाजोगे नसले तरी, खरे तेच लिहावे. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.