मामा तलावातील बेशरम



चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत धान पिकते ते तलावांच्या जिवावर. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी पाळी बांधून पाणी अडविले. पुढे मालगुजारांनी त्यात भर घातली. १९५१ साली मालगुजारी संपली आणि ‘माजी मालगुजारी’ याचे लोकांनी ‘मामा’ केले. या मामा तलावांस ग्रासणाऱ्या एका झुडपाविषयी आज बोलावयाचे आहे. त्याचे नाव बेशरम.

आरंभी एक कबुली देतो. मी शिक्षकी पत्करली तेव्हा शाळेस कुंपण नव्हते, व त्यासाठी पैसाही नव्हता. गुरे ज्यास तोंड लावीत नाहीत अशा बेशरमाच्या काड्या मी मुलांकरवी रोवून घेतल्या. एका पावसाळ्यात कुंपण हिरवेगार झाले आणि मला मोठी धन्यता वाटली. काही वर्षांतच तुटलेल्या फांद्या ओढ्यावाटे खालच्या तलावात गेल्या, तेथे रुजल्या, आणि ढिवरांस जाळे टाकावयास काठ उरला नाही. ज्यांच्या मुलांस मी अक्षरे शिकविली, त्यांच्याच ताटातील घास मी हिरावून घेतला होता.

हे झुडूप मूळचे उष्ण अमेरिकेतील, रताळ्याच्या कुळातले. पुरुषभर उंच पोकळ काड्या, हृदयाकृती लांबट पाने, फिकट जांभळी कर्ण्यासारखी फुले, आणि पान तोडताच पाझरणारा पांढरा चीक, ही त्याची ओळख. हे सतत खाण्यात आल्यास शेळ्यांस विषबाधा होते. पाण्यातही जगते, कोरड्यातही जगते. नाव उगाच पडलेले नाही.

नुसते छाटल्याने ते दुप्पट जोमाने फुटते. चैत्र-वैशाखात पाणी ओसरले की कुदळीने मुळासकट खणावे. एकही तुकडा ओल्या मातीत राहू देऊ नये. सारे उंच, कोरड्या जागी नेऊन पुरते वाळू द्यावे. मात्र वणव्याच्या त्या दिवसांत रानालगत आग लावू नये. पहिल्या पावसानंतर येणारे कोवळे फुटवे हाताने उपटावे, आणि हा क्रम दोन-तीन वर्षे सोडू नये. विषारी औषधाचा मोह टाळावा. तेच पाणी गुरे पितात.

परंतु उत्साहाच्या भरात सारा तलाव बोडका करणे हीही चूकच. देवधान हे तलावातील रानटी भाताचे गवत. त्याचा दाणा पिकताच गळून पडतो, म्हणून शेतकऱ्यास ते निरुपयोगी वाटते. पण पाणपक्षी त्याच्या आडोशाने घरटी करतात. पाण्याखालच्या देशी वनस्पतींत मासे अंडी घालतात. शेजारच्या भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर आणि ढिवर बंधुभगिनींनी हे मर्म ओळखले. त्यांनी बेशरम उपटले, तलावाची भूमी नांगरली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लाविल्या. तेव्हा देशी मासे परतले. रिकामी जागा रिकामी राहत नाही. आपण भरली नाही तर बेशरमच ती पुन्हा भरते.

शहरातील श्रोत्यांस एवढीच विनंती, की फुलांस भुलून ही काडी बागेत वा ओढ्याकाठी लावू नका. काडी लावावयास मला एक सकाळ लागली. ती काढावयास तलावाकाठच्या लोकांचे कित्येक उन्हाळे खर्ची पडले.